आगगाडी, वीजगाडी, लोकल, मेमू : शहरी रेल्वेच्या विद्युतीकरणाचा नामेतिहास
(मुंबई आणि रायपूर यांच्या संदर्भात)

१. प्रश्नाची मांडणी

रेल्वेचा इतिहास लिहिताना मार्ग, इंजिने, खर्च आणि तारखा यांचा क्रम लावण्याची पद्धत रूढ आहे. साहित्याचा अभ्यासक या इतिहासाकडे वळतो तेव्हा त्याच्या हाताशी आणखी एक साधन असते. ते म्हणजे लोकांनी त्या वाहनाला दिलेले नाव. एकोणिसाव्या शतकातील मराठीने रेल्वेला 'आगगाडी' म्हटले. गाडी कशावर चालते हे त्या नावातच सांगितले होते. पुढे मुंबईच्या उपनगरी मार्गावरून आग गेली आणि वीज आली. मग नाव काय झाले? काही काळ 'वीजगाडी' हा शब्द वापरात आला, मर्ढेकरांच्या कवितेत तो स्थिरावल्यासारखाही वाटला; परंतु बोलीत टिकला तो 'लोकल' हा शब्द. या शब्दात आगही नाही आणि वीजही नाही.

प्रस्तुत लेखात या नामांतराचा माग घेतला आहे. विद्युतीकरण म्हणजे केवळ चालकशक्तीतील बदल, ही समजूत तपासून पाहणे हा त्यामागचा हेतू आहे. मुंबईच्या हार्बर मार्गाचा इतिहास हा या विवेचनाचा मुख्य आधार आहे. त्याच्या शेजारी रायपूरची छोटी रेल ठेवली आहे. रायपूरची निवड सहेतुक आहे. तेथील ब्राह्मणपारा, तात्यापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मुंबईची लोकल मराठी साहित्याची जेवढी आहे तेवढी ती या वाचकांचीही आहे. पण त्यांच्या स्वतःच्या शहरातील रेल्वेचा इतिहास अगदी निराळ्या दिशेने गेला. ही विसंगती तौलनिक साहित्याभ्यासाला काही शिकवू शकते, असे वाटते.

२. हार्बर मार्ग : १९२५

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, तेव्हापासून सत्तरहून अधिक वर्षे मुंबईच्या आसपासची वाहतूक वाफेवर चालली. या काळात शहर उत्तरेकडे पसरत गेले आणि रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या वाढली. वाफेचे इंजिन लांबच्या प्रवासाला उत्तम. परंतु एक-दोन किलोमीटरवर स्थानके असलेल्या मार्गावर त्याचे दोष उघडे पडतात. थांबलेली गाडी वेग घेण्यास वेळ लागतो. शेवटच्या स्थानकात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यावे लागते. कोळसा आणि पाणी यांची सोय ठेवावी लागते, आणि कोळसा तर पूर्वेकडील खाणींतून देश ओलांडून आणावा लागे. एका फलाटावरून तासाला किती गाड्या सुटू शकतात, याला वाफेनेच मर्यादा घातली होती.

यावर उपाय अमेरिकेत सापडला होता. फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी अशी योजना केली की, मोटारी एकाच इंजिनात न ठेवता गाडीतील अनेक डब्यांखाली बसवायच्या आणि त्या सर्वांचे नियंत्रण एका जागेवरून करायचे. गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्याने इंजिन फिरवण्याचा प्रश्नच उरला नाही. शेवटच्या स्थानकात माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला की गाडी परतीला तयार. मुंबईत या माणसाला 'ड्रायव्हर' न म्हणता 'मोटरमन' म्हणू लागले. 'ड्रायव्हर' इंजिनाचा आणि 'मोटरमन' लोकलचा, हा भेद मुंबईच्या बोलीने पुढेही सांभाळला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या विजेच्या गाडीचे उद्‌घाटन झाले. ही गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली. अंतर सुमारे १६ किलोमीटर, आणि तारेतील विद्युत्‌दाब १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डीसीचा. भारतातील ही पहिली विद्युत् रेल्वे होय. बर्लिनच्या उपनगरी मार्गावर विजेच्या गाड्या १९२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबई या बाबतीत फार मागे नव्हती, हे दिसून येते.

हा मार्ग निवडला जाण्यात एक सोय होती. कुर्ला ते रे रोड हा टप्पा १९१० मध्येच सुरू झाला होता. तो व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत नेण्याचे काम आणि विद्युतीकरण ही एकाच वेळी पूर्णत्वाला आली. त्यासाठी सँडहर्स्ट रोड येथे हार्बरचे रूळ मुख्य मार्गाच्या वर उचलून न्यावे लागले. गोदी, गोदामे आणि गिरण्या यांच्या कडेने जाणारा हा मार्ग प्रथमपासून श्रमिकांचा होता. नावाच्या दृष्टीने येथे एक गंमत आहे. 'बंदर' हा शब्द मराठीत होता, 'बोरीबंदर' या स्थाननामात तो रेल्वेशी जोडलेलाही होता; तरी मार्गाला नाव पडले ते 'हार्बर'. जुन्या मुंबईतील बंदर मराठीने ओळखले आणि नव्या मुंबईतील बंदर इंग्रजीने.

५ जानेवारी १९२८ रोजी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत घाटांतील मार्गही विजेवर आले. जी.आय.पी. रेल्वेने स्वतःसाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे वीजगृह उभारले. ते १९२९ मध्ये सुरू झाले. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद होऊन चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले. पुढे मद्रासमध्ये १९३१ साली बीच ते तांबरम हा मीटरगेज मार्ग विजेवर आला. कलकत्त्याला मात्र १९५७ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा भारतातील शहरी विद्युत् रेल्वेचा पहिला अनुभव ज्या भाषांनी घेतला, त्यांत मराठीचा क्रम आधीचा आहे. 

३. 'वीजगाडी' या शब्दाचे आयुष्य

मुंबईकरांना विजेवर चालणारे वाहन १९२५ मध्ये अगदी नवे नव्हते. ७ मे १९०७ पासून शहरात विजेची ट्राम धावत होती. पण ट्राम रस्त्याच्या गतीने जाई. विजेच्या गाडीने जे बदलले ते घर आणि काम यांमधील अंतराचे मोजमाप. अंतर मैलांत सांगण्याऐवजी मिनिटांत सांगितले जाऊ लागले. गाड्या एकमेकींच्या मागे थोड्या मिनिटांनी सुटू लागल्या म्हणजे गाडीची ओळख तिच्या नावाने पटत नाही, वेळेने पटते. 'आठ बाराची' किंवा 'नऊ पाचची' हे मुंबईच्या मराठीत विशेषनाम होऊन बसले. दख्खनची राणी हे १९३० सालचे नाव राजेशाही आहे. त्याच काळात रुजत गेलेले 'आठ बाराची' हे नाव घड्याळाचे आहे. दोन्ही गाड्या विजेच्या ताराखालून धावल्या, पण एकीला नाव दिले कंपनीने आणि दुसरीला प्रवाशांनी.

बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेतील 'वीजगाडी' या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मर्ढेकरांच्या एका सुपरिचित रचनेत नोकरदाराची सकाळ सांगितली आहे. तिचा घाट संतपरंपरेतील अभंगाचा आहे. प्रातःकाळी उठून काय करावे याचा उपदेश करण्याची जुनी चौकट कवीने तशीच ठेवली, आणि नामस्मरणाच्या जागी चहा व वीजगाडी आणून बसवली. समीक्षकांनी या विडंबनाची चर्चा पुष्कळ केली आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते शब्दाच्या निवडीकडे. 'लोकल' हा शब्द अभंगाच्या घाटात बसला असता की नाही, हा छंदाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी 'वीजगाडी' हा सामासिक शब्द 'आगगाडी'च्या साच्यात घडलेला आहे, हे उघड दिसते. पहिले पद शक्तीचे, दुसरे वाहनाचे. भक्तीच्या जागी शक्ती आली आहे, आणि ती यांत्रिक आहे, हा अर्थ या समासानेच साधतो. 'लोकल' या शब्दाने तो साधला नसता.

तरीही भाषेने कवीचा शब्द स्वीकारला नाही. याचे कारण काय असावे? 'आगगाडी' हा शब्द घडला तेव्हा आग हे त्या वाहनाचे दिसणारे, ऐकू येणारे, डोळ्यांत कोळशाचा कण होऊन जाणारे लक्षण होते. वीज दिसत नाही. डोक्यावरच्या तारेकडे प्रवाशाचे लक्ष क्वचितच जाते. त्याला दिसते ती गर्दी, कळते ती वेळ, आणि महत्त्वाचे असते ते गाडी कोठे थांबणार हे. 'लोकल' हा शब्द नेमके तेच सांगतो. पुढे तर या शब्दाने मूळ इंग्रजी अर्थही सोडला. सर्व स्थानकांवर थांबणारी ती लोकल, हा अर्थ धरल्यास 'फास्ट लोकल' हा वदतोव्याघात ठरतो. मुंबईच्या मराठीत तो कोणालाही खटकत नाही. येथे 'लोकल' म्हणजे 'आपल्या शहराची'. मालकीचा नव्हे, पण सवयीचा हक्क या शब्दात आहे. 'गाडी'चे स्त्रीलिंगही त्याने वारशाने घेतले : ती लोकल चुकते, मिळते, येते, रखडते.

यातून एक निष्कर्ष काढता येतो. तंत्र जोवर अपरिचित असते तोवर भाषा त्याचे नाव घेते. ते पूर्णपणे दैनंदिन झाले की नाव गळून पडते. 'वीजगाडी' हा शब्द मागे पडला, हेच मुंबईतील विद्युतीकरण यशस्वी झाल्याचे भाषिक प्रमाण होय.

४. दुसरे विद्युतीकरण : डीसी ते एसी

या निष्कर्षाची कसोटी मुंबईच्या दुसऱ्या विद्युतीकरणात पाहता येते. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये पुढील कामांसाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, स्वीकारला. समान शक्तीसाठी विद्युत्‌दाब जितका अधिक तितका प्रवाह कमी लागतो; १५०० ऐवजी २५,००० व्होल्ट घेतले तर प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा पुरतो. त्यामुळे तारा हलक्या चालतात आणि वीज पुरवणारी उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. डीसी पद्धतीत ती थोड्या थोड्या अंतरावर लागतात, आणि गाड्यांची संख्या व लांबी वाढवायची म्हटले की तारेतून जाणाऱ्या प्रवाहालाच मर्यादा पडते. मुंबई सर्वांत आधी विजेवर आली, म्हणूनच ती जुन्या पद्धतीत सर्वांत अधिक काळ अडकून राहिली. आरंभकर्त्याला आरंभाचे मूल्य असे उशिरा चुकवावे लागते.

हे रूपांतर गाड्या चालू ठेवून करायचे होते. त्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. जुन्या पुलांखाली अधिक दाबाच्या तारेला पुरेसे अंतर मिळत नव्हते. सँडहर्स्ट रोडजवळचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला, त्यामागे हेच कारण होते. पश्चिम रेल्वेवरील रूपांतर फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील जून २०१५ मध्ये, आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल धावली. ज्या मार्गावर १९२५ मध्ये डीसी आली त्याच मार्गावरून ती एक्याण्णव वर्षांनी गेली. त्याच सुमारास हार्बरवरील नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या होऊ लागल्या.

गाड्याही बदलल्या. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या प्रकल्पातून २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल आल्या. त्यांच्या छतातून डब्यात वारा खेळवण्याची सोय होती, आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत पाठवण्याचीही. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली ते चर्चगेट अशी पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिचे दरवाजे आपोआप मिटतात.

आता भाषेकडे पाहावे. 'एसी लोकल' हा शब्द मुंबईत २०१७ नंतर रूढ झाला. त्याचा अर्थ थंड हवेची गाडी. वास्तविक २०१६ पासून मुंबईतील प्रत्येक लोकल एसीवरच चालत होती. पण तो 'एसी' तारेतला होता. अभियंत्याचा एसी आणि प्रवाशाचा एसी ही एकाच उच्चाराची दोन निराळी द्रव्ये आहेत. इतके मोठे रूपांतर झाले आणि बोलीत त्याची खूण उमटली नाही. उमटली ती एका वेगळ्या शब्दाची : 'मेगाब्लॉक'. कामासाठी, विशेषतः रविवारी, वाहतूक बंद ठेवण्याला हे नाव आहे, आणि तो शब्द आता मराठीत कोणत्याही लांबलेल्या अडथळ्याला लावला जातो. वीज चालू असते तेव्हा भाषा तिचे नाव घेत नाही. खंड पडला की शब्द तयार होतो.

५. रायपूर : जो मार्ग विजेवर आला नाही

मुंबईच्या या सलग इतिहासाशेजारी रायपूर ठेवले म्हणजे चित्र बदलते. 'पारा' हा छत्तीसगढी शब्द शहरातील मोहल्ल्याला लागतो. मराठीतील 'पाडा' हा त्याचा सगोत्र शब्द आपण रानातल्या वस्तीला लावतो. एकाच शब्दाने दोन भाषांत नगर आणि अरण्य अशा दोन वाटा धरल्या. ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्त्यांतील मराठीपणाला भोसल्यांच्या अमलाची पार्श्वभूमी आहे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पुढे मध्य प्रांतात नागपूर हीच राजधानी राहिली, आणि १९५६ पर्यंत रायपूरच्या मराठी माणसाचे शासकीय केंद्र नागपूर होते. रेल्वेनेही हाच संबंध दृढ केला : रायपूरहून नागपूरपर्यंत बंगाल नागपूर रेल्वे, आणि तेथून मुंबईकडे जी.आय.पी.

याच बंगाल नागपूर रेल्वेने १९०० मध्ये रायपूरहून धमतरीकडे आणि अभनपूरहून राजीमकडे अडीच फुटी रुळांचा अरुंद मार्ग सुरू केला. त्याच वर्षी माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. दोन्ही घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण छत्तीसगडच्या आधुनिकतेची दोन वाहने एकाच वर्षी निघाली, आणि त्यांतील एक मराठी घरातून हिंदीत निघाले, हे नोंदवण्यासारखे आहे.

हा अरुंद मार्ग रायपूर शहरातून तेलीबांध्यावरून जाई. त्याचे बोलीतले नाव 'छोटी रेल' किंवा 'छोटी लाइन'. हे नाव शक्तीवरून पडलेले नाही, अंतरावरूनही नाही, तर रुळांच्या रुंदीवरून पडले आहे. वाफ गेली, डिझेल आले, तरी नाव बदलण्याचे कारण पडले नाही. शेजारची हावडा–नागपूर–मुंबई ही 'मोठी' लाइन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेवर आली. छोटी मात्र विजेपर्यंत पोहोचली नाही. २०१७ मध्ये शहरातील तिचा भाग बंद झाला आणि त्या जागेवर द्रुतगती रस्ता झाला. पुढे केंद्रीपासूनच्या मार्गाचे रुंदीकरण झाले. ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर–रायपूर अशी विजेवर चालणारी मेमू सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती राजीमपर्यंत वाढली. ही गाडी जुन्या वाटेने शहरात येत नाही; मंदिर हसौद आणि नवे रायपूर यांच्या बाजूने वळसा घेऊन ती मुख्य स्थानकात येते.

म्हणजे मुंबईत मार्ग तोच राहिला आणि शक्ती बदलली. रायपुरात वीज आली तेव्हा शहरातील मार्ग उरला नव्हता. मुंबईत 'वीजगाडी' या नावाचा लोप हा परिचयाचा परिणाम होता. 'छोटी रेल' हे नाव मात्र वस्तूच नाहीशी झाल्यामुळे निराधार झाले. नव्या गाडीचे 'मेमू' हे नाव तर एका इंग्रजी पदावलीची आद्याक्षरे आहेत. त्यांतील 'ई' हे अक्षर विजेचे आहे. उच्चारात ते एखाद्या लाडक्या नावासारखे वाटते, पण त्यात वीज कोणाला ऐकू येत नाही. छत्तीसगडात 'लोकल' हा शब्दही आहे, आणि तो मूळ अर्थाने, म्हणजे जागोजागी थांबणारी गाडी या अर्थाने वापरला जातो. मुंबईच्या 'लोकल'मधील आपलेपणा त्यात अद्याप आलेला नाही.

६. दोन कवी, दोन प्रकारची वीज

येथे साहित्याचा प्रश्न उभा राहतो. रायपूरच्या मराठी वाचकाने शहरी विद्युत् रेल्वेचा अनुभव शतकाच्या मोठ्या भागात पुस्तकातून घेतला. मर्ढेकरांची वीजगाडी त्याच्याकडे रुळांवरून आली नाही, पाठ्यपुस्तकातून आणि ग्रंथालयातून आली. त्यामुळे जे मुंबईच्या वाचकाला वर्णन वाटते ते या वाचकाला प्रतीक वाटणे स्वाभाविक आहे. एकच कविता दोन ठिकाणी दोन पातळ्यांवर वाचली जाते. दोन भाषांमधील तुलनेइतकीच एका भाषेच्या दोन भूगोलांमधील तुलनाही फलदायी असते, ती यामुळे.

या संदर्भात मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण मोलाचे आहे. शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे झाले आणि १९५८ पासून रायपूरजवळच्या राजनांदगावात प्राध्यापक होते. त्यांच्या 'अँधेरे में' या दीर्घकवितेत शहर रात्रीचे आहे, आणि त्या रात्रीत दिव्यांच्या रांगा व एक भयकारी मिरवणूक दिसते. मर्ढेकरांच्या शहरात यंत्रशक्ती माणसाला वाहून नेते. मुक्तिबोधांच्या शहरात माणूस पायी चालतो आणि दिवे त्याच्यावर पडतात. पहिल्या शहरात भीती आहे ती गाडी चुकण्याची, दुसऱ्यात दिसून जाण्याची. दोघेही मराठी घरांत वाढलेले, दोघेही आधुनिक शहराने अस्वस्थ झालेले. पण एका कवीच्या शहरात विजेची गाडी रोजची होती आणि दुसऱ्याच्या परिसरात ती नव्हती. काव्यदृष्टीतील फरक एवढ्यावरून स्पष्ट होतो असे म्हणणे अतिव्याप्तीचे ठरेल. तथापि प्रतिमांच्या निवडीमागे असलेली भौतिक परिस्थिती नजरेआड करून चालणार नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, विद्युतीकरणाचा सांस्कृतिक परिणाम केवळ वीज आली की नाही यावर अवलंबून नसतो. ती कोणत्या मार्गावर आली, आणि तो मार्ग लोकांच्या जुन्या वाटेवर होता की नाही, यावर तो अवलंबून असतो. मुंबईत आग, वीज, डीसी, एसी यांचे थर एकाच रुळावर बसले, म्हणून तेथील भाषेत आणि साहित्यात त्यांचे सातत्य सापडते. रायपुरात हे सातत्य तुटले आहे. छोट्या रेलने शंभरहून अधिक वर्षे धमतरी आणि राजीमकडची माणसे शहराच्या आत आणून सोडली. ब्राह्मणपाऱ्यातील मराठीत, तसेच छत्तीसगढीत आणि हिंदीत, तिच्याविषयीची बोलणी, म्हणी आणि आठवणी अजून वयस्कर माणसांच्या तोंडी आहेत. मुंबईच्या लोकलला कवी मिळाले, कथाकार मिळाले. छोट्या रेलची शब्दसंपत्ती गोळा करण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि ते तीनही भाषांत एकत्र झाले तरच पुरे होईल. मेमूला तिचे बोलीतले नाव पुढे कधी तरी मिळेल. ते कोणते असेल हे प्रवासी ठरवतील. मात्र ते पडण्यापूर्वी आधीच्या नावाची नोंद झालेली असावी.